‘राहिलो’ तिथं आयएनजी

तायडे मॅडम, तुम्ही गेलात त्याला आज एकोणीस दिवस झाले आणि मी अजून एका जागी पाच मिनिटं बसू शकलेले नाही. हे लिहायलाही तिसऱ्यांदा बसतेय. पहिल्यांदा कुकर लावायचा होता म्हणून उठले. दुसऱ्यांदा काहीच कारण नव्हतं, तरी उठले आणि गॅलरीत जाऊन राजापेठेतल्या गाड्या बघत उभी राहिले. खरं सांगायचं तर तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मला भांडणापासून सुरुवात करावी लागते, आणि गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण तुम्ही जिवंतपणी मला एकदाही धड भांडू दिलं नाहीत. ती हौस आता तरी फिटू द्या.

तुमच्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी शाळेत खिचडीच्या रांगेजवळ उभी होते. ‘ताई गेली’ एवढंच म्हणाली. मी फोन पर्समध्ये टाकला, रांग संपेपर्यंत उभी राहिले, नंतर वर्गात जाऊन पूर्ण तास घेतला. फळ्यावर तारीख चुकीची लिहिली होती, ती एका मुलीने दाखवली तेव्हा मी ती खोडून पुन्हा चुकीचीच लिहिली. अकोल्याला तुमच्या घरी निघाले, तर बसमध्ये जागा असून मी मूर्तिजापूरपर्यंत दांडा धरून उभी होते. कंडक्टर दोनदा म्हणाला, ‘मॅडम, बसून घ्या ना.’ बसवेना, त्याला काय सांगू?

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पुन्हा अकोल्याला आले तेव्हा बुद्धवंदना आटोपली होती. तुमच्या बहिणीने मला ओळखलं. ‘तुमीच राऊत मॅडम का? ताई लय सांगे तुमच्याबद्दल. म्हने, अख्ख्या तालुक्यात इंग्रजी बोलावं तं राऊतनं.’ आजूबाजूच्या चार बायकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मॅडम, त्यापेक्षा तिने माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. म्हणजे तुम्ही घरी काही सांगितलंच नव्हतंत. मी तुमची जागा घेतली हे अकोल्यात कोणालाच माहीत नव्हतं. समोर ठेवलेला चहा तसाच टाकून मी निघाले. तुमच्या बहिणीला वाटलं असेल, बाईला शेवटची बस गाठायची असेल.

आपण दोघी जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या. तुम्ही माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या, आणि भातकुली तालुक्यातल्या इंग्रजीच्या प्रशिक्षणांच्या सुलभक, म्हणजे मास्तरांच्या मास्तरीण. तुम्ही मला पहिल्यांदा भेटलात ते अशाच एका प्रशिक्षणात. माझी नोकरी तेव्हा तीन वर्षांची होती, आणि प्रशिक्षण म्हणजे सही, नाश्ता, पडद्यावरची अक्षरं, जेवण, डुलकी आणि पुन्हा सही, एवढं मला कळून चुकलं होतं. तुम्ही आलात, पडदा गुंडाळायला लावलात आणि विचारलंत, ‘वर्गात शेवटचं तुमी कवा चुकले? सांगा बरं एकएक जन.’

जो तो शेजाऱ्याकडे बघायला लागला. तुम्ही सगळ्या हॉलवर नजर फिरवलीत आणि म्हणालात, ‘बाप्पा! सारे साधुसंतच बसले हायेत इथं.’

मग तुम्ही तुमची चूक सांगितलीत. भाजीला इंग्रजीत काय म्हणतात ते तुम्ही अकरा वर्षं ‘व्हेजी-टेबल’ असं शिकवलं, शेवटी चक्क टेबल ठेवून. तुमची एक जुनी विद्यार्थिनी भाजी विकायला बसायची, ती गिऱ्हाइकाला ऐटीत तसंच म्हणायची. ‘ते ऐकलं अन् मी वांगे न घेताच परत आली,’ असं तुम्ही म्हणालात तेव्हा सगळ्यात मोठ्याने मी हसले. माझं माहेर भाजीवाल्याचं, मॅडम. पहाटे वांग्यांच्या पाट्या बाजारात पोचवून, मग अंघोळ करून शाळेत गेलेली पोर मी. मला त्या मुलीची ऐट समजली आणि तुमचं न विकत घेतलेलं वांगंही समजलं.

तुमच्या खोलीवरचा शनिवारचा गट त्यानंतर सुरू झाला. सकाळची शाळा सुटली की आम्ही पाच-सहा जण तुमच्याकडे यायचो. खाली ट्यूशन क्लास होता. तिथले सर काळांचे नियम ओरडून पाठ करून घ्यायचे आणि वर तुम्ही तेच नियम उसवत बसायच्या. अट एकच होती. प्रत्येकाने आठवड्याची एक चूक आणायची, आणि ती स्वतःची. ‘पोट्ट्यायच्या चुका तं कोनीबी आनते. आपली आना.’ मी सुरुवातीला खोट्या चुका आणायचे. सोप्या, दिसायला बऱ्या, ज्यात माझा मोठेपणाच दिसेल अशा. तुम्ही एकदा शांतपणे म्हणालात, ‘राऊत, हे चूक तू घरून इस्तरी करून आनली वं.’ पुढच्या शनिवारी मी खरी आणली. नोकरीत जे काही शिकले ते त्या खोलीत शिकले. सरकारी प्रमाणपत्रांची माझ्याकडे जाडजूड फाइल आहे. तिच्यात त्या खोलीचा एक कागद नाही.

पण एक खरी गोष्ट मी त्या खोलीतही आणली नाही. आज सांगते.

तुमची ओळख होण्याच्या आदल्या वर्षी मला पुण्याला एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं. नवी साडी, नवी पर्स. आमच्या टेबलावर ओळखी चालल्या होत्या. माझी पाळी आली आणि मी म्हणाले, ‘मी सध्या पाचवीला शिकवून राहिली.’ शेजारच्या बाई गोड हसल्या. ‘शिकवून राहिलात? कुठे राहिलात?’ टेबल हसलं. वाईट कोणी नव्हतं, मॅडम. चहा संपेपर्यंत ते विसरलेसुद्धा. मी विसरले नाही. तीन दिवस मी तिथे ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे बोलले नाही. परत आले ती ‘करते आहे, जाते आहे’ घोकत आले. नवऱ्याशीही तसंच बोलायला लागले. आई म्हणायची, ‘आमची पोरगी पुन्याची झाली.’ तिला ते कौतुक वाटत होतं की टोमणा होता, हे मी कधी विचारलं नाही.

आता तुम्हाला तो दिवस आठवेल. तुम्ही माझ्या शाळेत पाठ पाहायला आला होता आणि मी चालू वर्तमानकाळ शिकवत होते. फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘तो खेळत आहे.’ खाली इंग्रजी, ‘ही इज प्लेइंग.’ वैष्णवी नावाची पोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, खेळत आहे म्हंजे काय? तो रोज खेळते, का आता खेळून राहिला?’

मी म्हणाले, ‘खेळून राहिला असं म्हणू नये बेटा. खेळत आहे म्हणावं.’ पोर खाली बसली ती तास संपेपर्यंत उठली नाही.

मधल्या सुट्टीत तुम्ही माझ्या डब्यातली पोळी तोडत म्हणालात, ‘पोरीनं तुले अख्खं व्याकरन ताटात वाढून देलं अन् तू ताटच सरकवलं. कावून वं?’ आणि पुढचा तास तुम्ही घेतलात. फळ्यावर दोन रकाने काढले. एकीकडे ‘खेळते’, दुसरीकडे ‘खेळून राहिला’. रोजचं इकडे, आत्ताचं तिकडे. एकेका पोराला दारात उभं करून तुम्ही काहीतरी करायला लावलंत. कोणी झाडू मारत होतं, कोणी दात घासत होतं. ‘काय करून राहिला?’ असं तुम्ही विचारायच्या, वर्ग ओरडून सांगायचा. ‘मंग राहिला तिथं काय?’ ‘आयएनजी!’ एवढाच धडा. तास संपत आला तेव्हा वैष्णवी खिडकीतून बाहेर बघत, कोणी विचारलेलं नसताना, स्वतःशीच म्हणाली, ‘मावशी इज वॉशिंग.’ बाहेर खिचडीवाल्या मावशी पातेली घासत होत्या.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. तीन आठवडे मी डोकं आपटत होते ते तुम्ही एका तासात केलंत, आणि तेही त्याच शब्दाने, ज्याच्यावरून माझं हसं झालं होतं. मी वाद घातला. म्हटलं, ही पोरं उद्या कॉलेजात जातील, पुण्या-मुंबईला जातील आणि लोक हसतील. तुम्ही म्हणालात, ‘हसनाऱ्याचे दात दिसतात. आपलं काय जाते?’

आपलं जातं, मॅडम. तुमचं गेलं नसेल. तुम्ही कोणाच्या बापाला भीत नव्हता. बोलताना कोणी हसलं तर तुम्ही त्याच्याहून मोठ्याने हसायच्या. सगळ्यांना ते जमत नाही, हे तुमच्या ध्यानात यायचं नाही. तुमच्यावर माझा हा एक खरा आरोप आहे आणि तो मी मागे घेणार नाही.

आणि दुसऱ्या मुद्द्यावर तर मी जिंकलेसुद्धा होते. आठवतं? मी विचारलं, ‘आपण तुले समजून राहिलं का असं म्हणतो. मग पोरगं आय ॲम अंडरस्टँडिंग म्हणेल. ते चालेल?’ तुम्ही पहिल्यांदाच माझं मान्य केलंत. ‘बरोबर पकडलं तू. इथं आपला नियम फसते. याचा जबाब मी देतो तुले.’ तुमचं ते ‘देतो’ ऐकून मी पुन्हा चिडले. बाई असून ‘देतो’ काय! पण जबाब काही आला नाही. मी अधूनमधून आठवण करून द्यायचे, तुम्ही म्हणायच्या, ‘थांब, विचार करून राहिली.’ तो वाद आता माझ्या बाजूने सुटला. त्याचं काय लोणचं घालू?

मग ते प्रशिक्षण झालं. भातकुलीच्या हॉलमध्ये तुम्ही रकान्यांचा तोच पाठ आमच्या सगळ्यांपुढे घेतलात. मास्तर मंडळी खूश होती, मागचे बाकसुद्धा जागे होते. बाहेरून आलेले एक साहेब पहिल्या रांगेत बसले होते. पाठ संपल्यावर त्यांनी नेमकं मलाच विचारलं, ‘तुम्हाला काय वाटतं, मॅडम?’

माझं वाक्य तयार होतं, हे तुम्हाला कधी कळलं का? मी ते आदल्या दिवशी मनात घोळवलं होतं. ‘पद्धत रंजक आहे सर, पण त्यामुळे मुलं बोलीतच अडकून पडण्याची शक्यता वाटते.’ शुद्ध, घासूनपुसून लख्ख केलेलं वाक्य. पुण्याच्या त्या टेबलावर बोलायला हवं होतं तसं. साहेबांनी मान डोलावली, वहीत काही लिहिलं आणि म्हणाले, ‘गावठी इंग्रजी तयार होऊन चालणार नाही.’ हॉलभर शिक्षक होते. एकानेही तोंड उघडलं नाही. तुम्ही डस्टर घेतलंत आणि दोन्ही रकाने पुसलेत. ‘राहिला’ मधला ‘रा’ तेवढा पुसायचा राहिला होता, तो पुन्हा वळून पुसलात.

पुढच्या वर्षी सुलभकांच्या यादीत तुमचं नाव नव्हतं. माझं होतं. मी तुम्हाला फोन केला नाही, तुम्हीच केलात. ‘चांगलं झालं वं. तुही इंग्रजी माह्यापेक्षा बरी हाय. आवाज मात्र मोठा ठेव, मांगचे झोपतात.’ मी ‘हो’ म्हणाले. त्यानंतर शनिवारी माझ्याकडे पाहुणे यायला लागले. दर शनिवारी. इतके पाहुणे की तुम्हाला एकदा तरी शंका यायला हवी होती. आली असणार. तुम्ही विचारलं नाहीत, आणि मी सांगावं अशी वेळ आहे आहे म्हणता म्हणता संपली.

आता ते सांगते ज्याच्यामुळे मी दोनदा लिहिता लिहिता उठले.

मागच्या आठवड्यात तुमच्याच हॉलमध्ये दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. चालू वर्तमानकाळ माझ्याकडे. पहिल्या दिवशी सांगलीकडून नव्याने आलेले एक सर उभे राहिले. बिचारे खरंच अडले होते. ‘मॅडम, माझ्या वर्गातली मुलं करून राहिलो, जाऊन राहिलो असंच बोलतात. ते चूक म्हणून खोडायचं का?’

हॉल माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, एवढी सरळ संधी नशीब कोणाला पुन्हा देत नाही. आणि मी काय म्हणाले? ‘खोडू नका. काही शिक्षक या रूपाचा उपयोग करून घेतात, असं दिसून आलं आहे.’

काही शिक्षक. दिसून आलं आहे. मॅडम, तुमचं नाव माझ्या जिभेवर होतं आणि मी ते गिळलं. त्या सरांनी ‘काही शिक्षक’ वहीत लिहून घेतलं. मी पुढची चित्रं दाखवली, जेवले, सही केली आणि घरी आले. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, ‘काय झालं? काहून येरझाऱ्या मारून राहिली?’ मी त्याच्यावर ओरडले. नंतर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या त्याला सगळं सांगितलं. साहेबांसमोर काय बोलले तेही, आणि त्याच्याही पुढचं जे त्यालाच काय, कोणालाच माहीत नव्हतं. तो म्हणाला, ‘मंग हे मले काहून सांगून राहिली? जिथं बोलली तिथं सांग ना.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रप्रमुखांना म्हटलं, सुरुवातीची दहा मिनिटं मला हवीत, तायडे मॅडमबद्दल बोलायचं आहे. ते म्हणाले, ‘श्रद्धांजली काल दोन मिनिटं उभं राहून झाली ना. ठरलेलं तेवढंच घ्या, मॅडम. यादी वरून येते.’ म्हणजे पुढच्या वर्षी माझं नाव राहील की नाही ते. सरळ माणूस आहे, माझ्या भल्याचंच बोलत होता. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? यादीतलं ते एक नाव मिळवायला मी काय विकलं होतं हे मला एकटीलाच माहीत होतं.

मी उभी राहिले. शुद्ध बोलायचं ठरवून उभी राहिले होते. ‘काल मी काही शिक्षक असं म्हटलं. ते काही शिक्षक नव्हते. त्या तायडे मॅडम होत्या.’ इथवर जमलं. पुढे साहेबांचा प्रश्न, माझं उत्तर, तुमचं यादीतून गेलेलं नाव, हे सगळं एका दमात सांगितलं. आणि मग जे कोणाला माहीत नव्हतं ते सांगायची वेळ आली तेव्हा माझी शुद्ध भाषा संपली. ‘मी इथं उभी राहून मॅडमच्या विरोधात बोलली. अन् त्याच आठवड्यापासून माह्या वर्गात दार लावून मॅडमचेच रकाने शिकवून राहिली. पोरायले येते म्हनून. दुसऱ्या कशानं येत नाई म्हनून. आजबी शिकवून राहिली.’

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं निदान एक तरी हसेल.

मग मागच्या बाकावरून आवाज आला. तुमच्या वयाचे एक मास्तर आहेत, प्रशिक्षणात हमखास झोपणारे. ते बसल्या जागेवरूनच म्हणाले, ‘मॅडम, तुमी एकट्याच नाई. आमीबी दार लावूनच शिकवतो.’

हॉलमध्ये चुळबुळ झाली. एक बाई हळूच म्हणाली, ‘मीबी.’ मी विचारलं, कोण कोण वापरतं? एकमेकांकडे बघत हात वर व्हायला लागले. आधी मागचे, मग खिडकीकडचे, मग तुमच्या शनिवारच्या गटातले माझे सोबती. सांगलीचे सर मान वळवून बघत राहिले. केंद्रप्रमुख समोरच्या कागदाकडे बघत होते. बघता बघता निम्म्याहून जास्त हॉल हात वर करून बसला होता.

मॅडम, इतक्या वर्गांत तुम्ही शिकवत होता आणि तुम्हाला आम्ही कोणी ते कळू दिलं नाही. ज्या दिवशी तुम्ही एकट्या तो फळा पुसत होता त्या दिवशी हीच माणसं याच हॉलमध्ये बसली होती. तेव्हा यातला एकही हात वर झाला नाही, आणि पहिला माझा व्हायला हवा होता.